रिकाम्या पोटीची गोळी: सुरू कोणी केली आणि थांबवायची कोणी?

घाटावरची
मंडळी, नमस्कार. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा (रिकाम्या पोटी नको).

माझी आई ६९ वर्षांची, कराडला असते. २०१६ च्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून घसरून तिचं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, दुखण्याच्या गोळ्या झाल्या, आणि त्या गोळ्या पोटाला बाधू नयेत म्हणून सोबत एक कॅप्सूल दिली, ‘सकाळी उपाशीपोटी १’. पॅन्टोप्रॅझोल आणि डॉमपेरिडोन एकत्र असलेली. दुखण्याच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या, प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. कॅप्सूल राहिली. ती पुढे आठ वर्षं राहिली.

यात कोणी मुद्दाम काही केलं असं नाही. आई मेडिकलमध्ये ‘नेहमीचं पाकीट’ मागायची, तो काढून द्यायचा. मधल्या काळात मधुमेहाचे डॉक्टर झाले, डोळ्यांचे झाले, गुडघ्याचे झाले. प्रत्येकाने तिची औषधांची यादी बघितली आणि तिच्याखाली आपली औषधं लिहिली. यादीतलं पहिलं औषध कशासाठी आहे, हे कोणीच विचारलं नाही. आम्ही मुलांनीही नाही. आमच्या लेखी ती ‘आईची पित्ताची गोळी’ होती, जशी भिंतीवर घड्याळ असतं तशी.

मागच्या वर्षी आई देवळातून एका पायात चप्पल घालून घरी आली. दुसरी वाटेत निसटली होती आणि तिला कळलंच नव्हतं. आम्ही हसलो. वहिनीने तर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर तळपायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, जीभ लाल होऊन तिखट न सोसणं. ‘मधुमेह आहे, मुंग्या येणारच’ असं आम्ही ठरवून टाकलं, आणि वर्ष गेलं.

शेवटी एका तरुण डॉक्टरांनी सांगितलं, घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा, यादी नको. त्यांनी एकेक पाकीट टेबलावर ठेवलं. हे कशाचं? साखरेचं. हे? रक्तदाबाचं. ही कॅप्सूल? आई म्हणाली, “ती सकाळची.” ते म्हणाले, “हो, पण कशासाठी?” आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

बी-१२ (नसांना लागणारं जीवनसत्त्व) तपासलं, ११८ निघालं. त्या लॅबची खालची मर्यादा २०० च्या आसपास आहे. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, कारणं तीन आहेत: शाकाहार, साखरेची मेटफॉर्मिन आणि ही कॅप्सूल. पहिली दोन सोडता येणार नाहीत, तिसरीचं बघू.

म्हणून सोमवारपासून कॅप्सूल बंद केली. गुरुवारी रात्री तिच्या छातीत अशी जळजळ उठली की आम्ही तिला गाडीत घालून ईसीजी काढायला नेलं. ईसीजी नीट होता. शुक्रवारी सकाळी तिने स्वतःच पाकीट उघडलं आणि मला म्हणाली, “बघ, मला लागतेच ती.”

तर प्रश्न दोन. ही गोळी वर्षानुवर्षं घेण्याने नक्की काय काय होतं? आणि इथे कोणी ती सोडली असेल तर कशी सोडली?

टेकडीवाला
+१. पाच वर्षं झाली. सुरुवात एका लग्नाच्या हंगामात झाली, लग्नं संपली, गोळी चालू आहे. एकदा खंडाळ्यापर्यंत पोहोचल्यावर पाकीट घरी राहिल्याचं आठवलं तर परत फिरायच्या बेतात होतो. बायको म्हणाली, मेडिकल काय फक्त पुण्यातच असतात का? वाचतोय.

मोरावळा
हे अॅलोपॅथीचं विष आहे, दुसरं काय. आमच्या ग्रुपवर परवाच आलं होतं: किडनी जाते, स्मृतिभ्रंश होतो, हाडं भुगा होतात, कॅन्सर होतो. आजच्या आज बंद करा. सूतशेखर मात्रा, अविपत्तिकर चूर्ण, ज्येष्ठमधाचा काढा. नैसर्गिक आहे, अपाय शून्य.

निशिगंध
मोरावळा, माझ्या बाबांनी असाच एक संदेश वाचला होता. ‘आजच्या आज बंद करा’ हेच शब्द होते त्यात.

बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, दोन स्टेंट. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू, वय ७४. सोबतची पॅन्टोप्रॅझोल त्यांनी कोणाला न विचारता सोडली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नियमित चालू ठेवल्या, कारण त्यांच्याबद्दल संदेश आला नव्हता. पाचव्या आठवड्यात डांबरासारखी काळी शौच आणि बाथरूममध्ये चक्कर. हिमोग्लोबिन ६.४. तीन बाटल्या रक्त लागलं. दुर्बिणीतून बघितलं तर जठरात दोन जखमा.

विष वगैरे शब्द वापरण्याआधी समोरच्याला कशासाठी दिलंय ते विचारत जा, एवढंच.

मोरावळा
तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं. माझा रोख धागाकर्तीच्या आईसारख्या लोकांकडे होता.

डॉ. खडीसाखर
जिल्हा रुग्णालयात अकरा वर्षं आणि नंतर स्वतःचा दवाखाना, एवढ्या भांडवलावर लिहितोय. मी तुमच्या आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आधी ही गोळी करते काय ते. जठराच्या अस्तरात आम्ल ओतणारे सूक्ष्म पंप असतात. नावाच्या शेवटी ‘प्रॅझोल’ असलेली औषधं (ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल वगैरे) त्या पंपांना कुलूप लावतात. गंमत अशी की कुलूप फक्त जाग्या पंपाला लागतं, आणि पंप जागे होतात जेवताना. म्हणून गोळी खाण्याआधी अर्धा ते एक तास. औषध रक्तातून दोन-चार तासांत निघून जातं, पण कुलूप निघत नाही. शरीर नवे पंप बनवेल तेव्हाच आम्ल पूर्ववत. म्हणून दिवसातून एक गोळी पुरते. आणि म्हणूनच भर पंगतीत जळजळ झाली की ही गोळी खिशातून काढून खाणं व्यर्थ आहे. तिचा पूर्ण परिणाम यायला तीन-चार दिवस लागतात.

पहिली ओमेप्रॅझोल स्वीडनमधून १९८८ साली बाजारात आली. त्याआधी सिमेटिडीन आणि रॅनिटिडीन या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या होत्या, आणि त्याआधी अल्सरसाठी जठराचा तुकडा कापायच्या शस्त्रक्रिया सर्रास व्हायच्या. माझ्या वडिलांच्या मामांच्या पोटावर तो उभा व्रण होता. आज माझ्या वयाच्या सर्जनांनी ती शस्त्रक्रिया क्वचितच केलेली असते. तेव्हा हे औषध फालतू नाही, फार मोठं काम केलंय त्याने. पण मोठं काम करणारं औषध पुढे बडीशेपेसारखं वाटलं जाऊ लागलं, तिथे घोळ झाला.

आता घाटावरची, तुमच्या आईंना गुरुवारी रात्री काय झालं. वर्षानुवर्षं आम्ल कमी पडलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवून ‘आम्ल बनवा, बनवा’ असा धोशा लावतं. कुलपं असेपर्यंत त्याचा उपयोग होत नाही, पण कारखाना मात्र वाढत राहतो. गोळी एकदम बंद केली की वाढलेला कारखाना मोकळा सुटतो आणि पूर्वीपेक्षा जास्त आम्ल येतं. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: पोटाची कसलीही तक्रार नसलेली १२० धडधाकट माणसं. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्रॅझोल आणि पुढचे चार आठवडे खोटी (औषधच नसलेली) गोळी. उरलेल्यांना बाराही आठवडे खोटीच. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी असे त्रास झाले, दुसऱ्यातल्या १५ टक्क्यांना. म्हणजे ज्यांना पित्त नव्हतं त्यांना गोळी सोडल्यावर पित्त झालं!

‘मला लागतेच ती’ हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो. बऱ्याचदा ते आजाराचं लक्षण नसतं, गोळी सोडल्याचं असतं. सहसा दोन ते चार आठवड्यांत ओसरतं, काहींना दोन महिने लागतात. तुमच्या आईंनी चार दिवस काढले.

तोट्यांबद्दल उद्या लिहितो, दवाखान्यात लोक बसलेत.

पडवळ
डॉक्टर येईपर्यंत मी थोडं लिहितो. माझा धंदा आकडेवारीचा आहे, औषधांचा नाही.

किडनी, स्मृतिभ्रंश, हाडं या भीतीदायक बातम्यांपैकी बहुतेक ‘बघ्या’ अभ्यासांतून आलेल्या आहेत. म्हणजे लाखो लोकांच्या नोंदी घ्यायच्या आणि गोळी घेणाऱ्यांत काय जास्त दिसतं ते बघायचं. अडचण अशी की गोळी घेणारे मुळातच जास्त आजारी, जास्त वयाचे, जास्त औषधं खाणारे असतात. ज्या घरासमोर अॅम्ब्युलन्स वारंवार येते त्या घरात माणसं जास्त मरतात. म्हणून अॅम्ब्युलन्स माणसं मारते असं म्हणायचं का?

याउलट २०१९ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी आहे. १७,५९८ हृदयरोगी, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकाला पॅन्टोप्रॅझोल ४० आणि दुसऱ्याला खोटी गोळी, सुमारे तीन वर्षं. न्यूमोनिया, हाडं मोडणं, किडनीचा जुनाट आजार, स्मृतिभ्रंश, कशातच ठळक फरक नाही. फक्त आतड्यांचे संसर्ग जास्त: १.४ टक्के विरुद्ध १ टक्का.

तेव्हा ग्रुपवरचा तो संदेश पुढे ढकलणं थांबवायला हरकत नाही.

टेकडीवाला
मग मी खुशाल चालू ठेवतो. धन्यवाद पडवळ!

पडवळ
मी तसं म्हटलं नाही. तीन वर्षं म्हणजे आठ वर्षं नव्हेत. आणि त्या चाचणीतले लोक कराडच्या शाकाहारी मधुमेही आजी नव्हते.

डॉ. खडीसाखर
पडवळ, शेवटचं वाक्य लाख मोलाचं. कोणाला काय होईल हे त्याच्या ताटावर आणि बाकीच्या गोळ्यांवर ठरतं.

बी-१२ चं बघा. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सोडवायला आम्ल लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २०१३ साली हा हिशोब झाला: बी-१२ कमी असलेल्यांपैकी १२ टक्के लोकांनी दोन वर्षांहून जास्त काळ ही औषधं घेतली होती, कमी नसलेल्यांपैकी ७.२ टक्क्यांनी. आता तिथला माणूस रोज मांस-अंडी खातो. आपल्या आईंच्या ताटात बी-१२ येतं ते वाटीभर दह्यातून आणि चहातल्या दुधातून. त्यावर मेटफॉर्मिन, जी स्वतः बी-१२ चं शोषण कमी करते. त्यावर ही कॅप्सूल. तिन्ही बाजूंनी पाणी तोडलं. आणि मधुमेहाने नसा खराब झाल्या तरी तशाच मुंग्या येतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. तुमचे ते तरुण डॉक्टर हुशार निघाले. (गोळीतलं बी-१२ सुटं असतं, ते सोडवायला आम्ल लागत नाही. त्यामुळे पुढे गोळीवरही भागू शकेल, ते त्यांना विचारा.)

दुसरं, मॅग्नेशियम. प्रमाण कमी, पण होतं तेव्हा वाईट. पायात गोळे, थरथर, छातीत धडधड, कधी झटके. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली इशारा दिला होता. गोळी चालू ठेवून नुसतं मॅग्नेशियम देत राहिलं तर काहींचं वर येतच नाही. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या सोबत असतील तर जास्त लक्ष ठेवायचं.

लोहाचंही शोषण घटतं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांचा टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) अचानक वर गेला तर मधे ही गोळी सुरू झाली होती का ते बघायचं. हाडांसाठी कॅल्शियम घेत असाल तर साधं कार्बोनेट आम्लाशिवाय नीट विरघळत नाही, सायट्रेट घ्यावं.

किडनीबद्दल: अॅलर्जीसारखी किडनीला अचानक सूज येऊ शकते. विरळ आहे, पण खरं आहे. आपल्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्ये कंपन्यांना हा धोका माहितीपत्रकात छापायला सांगितला. ते पत्रक इतक्या बारीक अक्षरात असतं की वाचायला आधी मोतीबिंदू काढावा लागतो, असो. स्मृतिभ्रंशाचं पडवळ म्हणाले तसंच: २०१६ च्या जर्मन नोंदींवरून बोभाटा झाला, पुढे भक्कम काही हाती आलं नाही.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे कॅप्सूलमधला दुसरा भाग. डॉमपेरिडोन हे उलटीचं औषध. त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून युरोपने २०१४ साली ते मळमळ-उलटीपुरतं, कमी मात्रेत आणि सहसा एक आठवड्यापुरतंच ठेवलं. तुमच्या आईंनी आठ वर्षं घेतलं! पॅन्टोप्रॅझोल लागो न लागो, ते डॉमपेरिडोन कशासाठी चाललंय, हा प्रश्न मी आधी विचारीन.

कोणी सोडू नये: निशिगंध यांच्या बाबांसारखे, म्हणजे अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल एकत्र चालू असलेले, पूर्वी जठरातून रक्तस्राव झालेले, अन्ननलिकेला मोठ्या जखमा असलेले किंवा तिचं अस्तर बदललेले (बॅरेट म्हणतात त्याला), म्हातारपणी संधिवातासाठी दुखण्याच्या गोळ्या रोज घ्याव्या लागणारे. यांच्यासाठी ती गोळी म्हणजे हेल्मेट. क्लोपिडोग्रेलसोबत ओमेप्रॅझोल आणि इसोमेप्रॅझोल टाळतात, कारण ती त्याच्या कामात अडथळा आणतात. पॅन्टोप्रॅझोल त्यातल्या त्यात बरी.

जुना काउंटर
तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे. मेडिकलवाला काढून द्यायचा, हे वाचून कान लाल झाले. खरं आहे. पाकिटावर चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं. पण नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या मेडिकलमध्ये जातं आणि पुन्हा माझ्याकडे बीपीची गोळीही घेत नाही. हे समर्थन नाही, असं चालतं एवढंच सांगतो.

मी रोज बघतो ते सांगतो. तापाची पॅरासिटामॉल लिहिली तरी सोबत ‘गॅसची गोळी’. अँटिबायोटिक लिहिलं तरी गॅसची गोळी. आणि नाही लिहिली तर पेशंटच विचारतो, “डॉक्टर विसरले वाटतं, गॅसची द्या ना एक.” पॅरासिटामॉलला तिची गरज नसते हे सांगितलं तर माझ्याकडे संशयाने बघतात.

दुसरं म्हणजे गोळी सोडताना लोक ४० ची अर्धी मोडून खातात. कृपा करून मोडू नका, चावू नका, कुटू नका. वरचं वेष्टण आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतं. मोडलेली अर्धी जठरातच वाया जाते. २० ची वेगळी मिळते, ती मागा. आणि निम्मे लोक नाश्ता करून मग ‘रिकाम्या पोटीची’ गोळी घेतात, कारण आधी चहा-पोळी खाल्ल्याशिवाय त्यांना औषध घेववत नाही.

मोरावळा
बरं, विष शब्द मागे घेतो. पण सूतशेखरला तरी नावं ठेवू नका.

डॉ. खडीसाखर
नावं ठेवत नाही. पण सूतशेखरात पारा-गंधकाची कज्जली आणि शुद्ध केलेला बचनाग (एक विषारी मूळ) असतो, तेव्हा ‘नैसर्गिक म्हणून अपाय शून्य’ हे तुमचे वैद्यही म्हणणार नाहीत. वैद्यांच्या नजरेखाली घ्या. ज्येष्ठमध रोज घेतला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. फसफसणारा सोडा म्हणजे सोडियमच, बीपी आणि हृदयरोगवाल्यांनी जपून. आवळा, कोकम खुशाल.

कढीपत्ता
अवांतर: आम्ही मालवणकडचे, आमच्याकडे जळजळ झाली की आगळाचं (कोकमाच्या रसाचं) पाणी. पण मला प्रश्न पडतो, कोकम आंबट, जळजळ आंबट पाण्याची, मग आंबटाने आंबट कसं जातं?

डॉ. खडीसाखर
कढीपत्ता, कोकमापेक्षा जठरातलं आम्ल कितीतरी पट तीव्र असतं, त्यामुळे कोकमाने त्यात फारशी भर पडत नाही. गार पाणी, थोडी साखर, थोडं मीठ, आणि घाईघाईने जेवण्याऐवजी माणूस पाच मिनिटं बसतो, याचा गुण किती आणि कोकमाचा किती, ते मला सांगता येणार नाही. ज्यांना आंबटाने घशाशी येतं त्यांनी नको.

आणि ‘पित्त’ या शब्दानेही गोंधळ होतो. पित्त यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं, कडू. छातीत जळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. आपण दोघांना, शिवाय अंगावर उठणाऱ्या गांध्यांनाही, पित्तच म्हणतो. पेशंट ‘पित्त झालंय’ म्हणाला की मला आधी विचारावं लागतं, कुठे?

पाड्यावरून
मी आरोग्य विभागात खेड्यांवर काम करते. डॉक्टरांनी लिहिलेल्यात एक भर. आमच्याकडे बायका सकाळी उठल्या-उठल्या मिश्री लावतात, तासभर तोंडात ठेवतात, मग काळा चहा, आणि दहा वाजता ‘पित्त झालं’. तंबाखूने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्यावर त्या दोन बोटं घशात घालून ‘पित्त काढतात’. रोज! दातांची टोकं झिजून पिवळी पडलेली दिसतात. मग शिबिरात येऊन गोळी मागतात आणि आम्ही देतो, कारण शिबिराच्या पेटीत ती असते. मिश्री सोडायचं औषध पेटीत नसतं.

बर्फातला आंबा
न्यू जर्सीहून. इथे ओमेप्रॅझोल २००३ पासून बिनचिठ्ठीची मिळते, साबण-शाम्पूच्या शेजारच्या फळीवर. पण खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं: १४ दिवस घ्या, चार महिन्यांच्या आत पुन्हा नको, त्रास राहिला तर डॉक्टरांकडे जा. मी ते खोकं सहा वर्षं विकत आणत होतो, तीन-तीनचं एकदम, कारण स्वस्त पडतं. वाचलं कधी? गेल्या महिन्यात, हा धागा बघून.

तळ्यातमळ्यात
माझी गोष्ट थोडी वेगळी. चार वर्षं गोळी, सोडली की त्रास, घेतली की बरं. शेवटी कोणीतरी दुर्बीण करायला लावली. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू निघाला. दोन आठवडे अँटिबायोटिक्स, आणि त्यानंतर गोळी कधी लागली नाही. म्हणजे चार वर्षं मी धूर पुसत होतो.

डॉ. खडीसाखर
याच जंतूसाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन जोडीला २००५ चं नोबेल मिळालं. लोक विश्वास ठेवेनात म्हणून मार्शल यांनी १९८४ साली जंतूंचा पेलाच पिऊन टाकला आणि जठराला सूज आणून दाखवली. एक व्यावहारिक गोष्ट: गोळी चालू असताना शौचाची किंवा श्वासाची तपासणी केली तर जंतू असूनही नाही असं उत्तर येऊ शकतं. दोन आठवडे आधी गोळी थांबवून तपासायचं.

आणि एक, ओरडून सांगतो: वजन आपोआप उतरणं, घास अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, नव्याने हिमोग्लोबिन घटणं यांपैकी काही असेल तर घरगुती प्रयोग नको, आधी दुर्बीण. चालताना-चढताना होणारी, घाम फोडणारी, हातात किंवा जबड्यात जाणारी ‘जळजळ’ ही पित्त नव्हे. घाटावरची, तुम्ही गुरुवारी रात्री ईसीजी काढलात ते अगदी बरोबर केलंत.

पडवळ
आता सोडायची कशी ते सांगा डॉक्टर, धागाकर्तीचा मूळ प्रश्न तोच होता.

डॉ. खडीसाखर
हो, विसरलोच. एकच एक रीत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली म्हटलंय की हळूहळू सोडा किंवा एकदम सोडा, दोन्ही चालतं. उसळी येणार हे माणसाला आधी सांगा म्हणजे झालं. मी म्हाताऱ्या माणसांना हळूच सोडायला लावतो. ४० वरून २०, तीन-चार आठवडे. मग दिवसाआड. मग लागली तरच. मधे जळजळ झाली तर पातळ अँटासिड किंवा रात्री रॅनिटिडीनच्या जातीची फॅमोटिडीन. (रॅनिटिडीनबद्दल कोणीतरी विचारणारच: २०१९ मध्ये तीत कर्करोगकारक अशुद्धी सापडली, अमेरिकेने २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली, आपल्याकडे २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळली गेली. मी लिहीत नाही.)

रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट. उश्यांचा ढीग नको, त्याने पोट दुमडतं. आणि डाव्या कुशीवर झोपणं. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं, आम्ल वर चढत नाही. आपल्या लोकांनी शब्दच तसा केलाय बघा: वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. फक्त जेवल्या-जेवल्या लगेच आडवं होणं तेवढं टाळा.

टेकडीवाला
वामकुक्षीला शास्त्राधार मिळाला! धागा वसूल.

घाटावरची
मंडळी, साडेचार महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

आधी डॉमपेरिडोनवाली कॅप्सूल बदलून नुसती पॅन्टोप्रॅझोल २० केली, तिच्या डॉक्टरांना विचारूनच. तिला फरक कळलाही नाही. महिन्याने दिवसाआड. तिथे अडलं. पहिले दहा दिवस वाईट गेले, रात्री दोनला उठून बसायची आणि मला फोन करायची. मी विचारायचे, आज कितवा दिवस? ती म्हणायची, सहावा. मग आम्ही दुसरंच काही बोलायचो, बहुतेक वेळा शेजारच्यांच्या विहिरीच्या भांडणाबद्दल. डॉक्टरांचं ते डेन्मार्कचं वाक्य मी तिला रंगवून सांगितलं होतं, धडधाकट लोकांनाही असं होतं म्हणून. त्याचा आधार औषधापेक्षा जास्त झाला असं ती म्हणते. विटा भावाने ठेवल्या. पहिल्या रात्री आई पलंगावरून घसरत पायथ्याशी आली, मग एक वीट कमी केली.

तिसऱ्या महिन्यात गोळी पूर्ण बंद. आता आठवड्यातून एखाद्या वेळी दोन चमचे पातळ औषध घेते, तेही बहुतेक एकादशीच्या साबुदाणा खिचडीनंतर. एकादशी सोडणार नाही म्हणाली, आम्हीही आग्रह धरला नाही.

बी-१२ आता ४८० आहे. जिभेची आग गेली. अंधारात भिंत धरून चालते, पण चालते. चप्पल निसटली तर उजव्या पायाला कळतं. डावा अंगठा अजून बधिर आहे.

एक पाकीट तिने देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलंय. मी काही बोलले नाही.

डॉ. खडीसाखर
छान. अंगठ्याला अजून सहा महिने द्या. नसा सावकाश भरून येतात, काही वेळा पूर्ण येत नाहीत. मेटफॉर्मिन चालूच आहे, तेव्हा बी-१२ वर्षातून एकदा तपासत राहा. मॅग्नेशियम केलं होतं का?

घाटावरची
नाही, राहिलंच. पुढच्या आठवड्यात एचबीए१सीसोबत (साखरेच्या तपासणीसोबत) करून घेते.

टेकडीवाला
माझा आज नववा दिवस. शेजारच्यांच्या विहिरीचं काय झालं पुढे?